वॉर्ड तीनचं फाटक आणि माझी वेबसाइट

१२ जानेवारी १९९९, दुपार

रोजनिशी सुरू. डायरी बियाण्याच्या कंपनीची, गेल्या सालची. वार जुळत नाहीत, म्हणून वार लिहिणार नाही. नेत्यांच्या रोजनिश्या पुढं छापतात असं ऐकलंय, तेव्हा अक्षर नीट काढायचं.

आज सोडत निघाली. ग्रामपंचायत वॉर्ड नंबर तीन, महिला राखीव. आठ वर्षं मी या वॉर्डातून उभं राहायची तयारी करतोय. दोन कुरते शिवून ठेवलेत, पैकी एक आता पोटावर अडतो. शाळेतल्या पोरीनं चिठ्ठी काढली आणि माझं राजकारण चुलीत गेलं.

संध्याकाळ. गेलं नाही. इंदिरा उभी राहील, कारभार मी बघेन. सगळीकडे असंच चालतं. इंदिराला सांगितलं. ती म्हणाली, कारभार तुम्ही बघणार तर बायको म्हणून मी काय करू? म्हटलं, सही. ती म्हणाली, सही येते मला, आणखीही बरंच येतं. हिला राजकारणाचं गांभीर्य नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

मुद्दा ठरला. मी एकवीस काढले होते: गटार, दिवाबत्ती, व्यायामशाळा, माझा सत्कार (हा खोडला). इंदिरा म्हणाली, एकच मुद्दा. रेल्वेचं फाटक.

बाजार, दवाखाना, स्टेशन, एस.टी. सगळं रुळाच्या त्या बाजूला. आमचा वॉर्ड, शाळा आणि माझा एस.टी.डी. बूथ या बाजूला. मधे फाटक. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या छातीत कळ आली तेव्हा रिक्षा फाटकात पाऊण तास उभी होती. सासूबाई वाचल्या, पण त्या पाऊण तासात इंदिरा जी घाबरली ती घाबरलीच. अजून फाटक लागलं की तोंड फिरवून उभी राहते. तिला रुळाखालून बोगदा हवाय. ग्रामपंचायतीत ठराव करून वर पाठवायचा म्हणते. मला मनापासून वाईट वाटलं. पण बोगद्याच्या फोटोत काळोखाशिवाय काय येणार, हाही विचार मनात आला.

१७ जानेवारी, जळगावहून परत

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी. सोनेरी पेन नाही, निळ्यानंच लिहितो.

बूथच्या मशीनचा पार्ट आणायला जळगावला गेलो होतो. तिथे लोटन सर भेटले. पूर्वी त्यांचा टायपिंगचा क्लास होता, आता सायबर कॅफे. म्हणाले, अमेरिकेत आता निवडणुका वेबसाइटवर लढतात. एका मुद्द्याला एक छोटी वेबसाइट. फुकट जागा मिळते, फक्त कोपऱ्यात कंपनीची जाहिरात येते.

मी टेलिकॉम क्षेत्रातला माणूस. लगेच उलगडलं. वॉर्डात मतदार ४३१, कॉम्प्युटर शून्य. म्हणजे स्पर्धाही शून्य. विरोधात अभिमन आबांची बायको बेबाबाई उभी राहणार, आबांकडे जीप आणि भोंगा. भोंगा फार तर नरडाण्यापर्यंत ऐकू जाईल. वेबसाइट जगभर.

इंदिराला सांगितलं. ती म्हणाली, जगाचं मत आपल्या वॉर्डात आहे का? तिला तिळगूळ वाटायला जायचं होतं. समजावत बसलो नाही.

२२ जानेवारी, जळगाव

वेबसाइट तयार. इंग्रजीत केली, मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात म्हणे. पानं तीन. पहिलं: फाटकाचा इतिहास. दुसरं: उमेदवाराच्या पतीचा परिचय. तिसरं: सुरक्षेची प्रतिज्ञा, 'मी बंद फाटकाखालून वाकून जाणार नाही.' हे माझं डोकं. गावात सगळे वाकून जातात. त्याला विचारांनी आळा घालायचा.

उमेदवाराचा फोटो टाकला नाही. इंटरनेटवर बाईमाणसाचा फोटो बरा दिसत नाही. माझा टाकला. फोटो वरून खाली हळूहळू उतरतो. आज भांगापर्यंत आला आणि लाइन कटली. दुसऱ्यांदा भुवया दिसल्या. कोपऱ्यात टक्कल घालवायच्या औषधाची जाहिरात. त्यामुळे बघणाऱ्याचा गैरसमज होतो.

पासवर्ड लोटन सरांनी घातला. मी म्हटलं, सोपा घाला, जन्मात विसरणार नाही असा.

२५ जानेवारी

एक गोष्ट खटकते. संक्रांतीपासून काल रथसप्तमीपर्यंत इंदिरा रोज दुपारी हळदीकुंकवाला. एक घर सोडलं नाही. प्रचाराचे मोलाचे दहा दिवस बायकांच्या ओट्या भरण्यात गेले. मी स्पष्ट सांगितलं, इलेक्शन आहे, जरा सिरीयस हो. म्हणाली, हो.

तिच्या पदरात दोन हरभरे अडकले होते, तेही मलाच काढून दिले.

३१ जानेवारी

फाटकावर वेबसाइटचं जाहीर उद्घाटन. फाटक लागलं होतं, त्यामुळे गर्दी आपोआप जमली. हे टायमिंग माझं.

भाषण केलं. अभिमन आबा मोटारसायकलवर होते. विचारलं, "पितांबर, तुन्ही वेबसाइट कोठे शे?" म्हटलं, आबा, तिचं यंत्र अमेरिकेत आहे. आबा म्हणाले, "मंग फाटक बी तठेच शे का?" फाटकावरचे बठ्ठे हसले. अज्ञानावर चिडायचं नसतं. मी चिडलो नाही, फक्त पाणी प्यायलो.

मग प्रतिज्ञा. फाटकाच्या आडव्या दांड्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणालो: जीव गेला तरी मी बंद फाटकाखालून वाकून जाणार नाही. गेटमन उखर्डू म्हणाला, "भाऊ, हात काढा, फाटक उचलनं शे." तोवर गाडी गेली होती. लोक वाकून कधीच पलीकडे पोचले होते.

४ फेब्रुवारी

चिन्हं मिळाली. बेबाबाईंना कपबशी. इंदिराला शिट्टी. मी विमान माग म्हणून सांगितलं होतं. शिट्टी म्हणजे काय चिन्ह? इंदिरा खूश. म्हणाली, दिवसातून आठ वेळा रेल्वेच आपला प्रचार करेल. बालिश विचार. पण आज मालगाडी शिट्टी मारत गेली तेव्हा बूथवरच्या चार बायका तिच्याकडे बघून हसल्या. हे नोंदवतो, निष्कर्ष काढत नाही.

७ फेब्रुवारी

मी जळगावला असलो की बूथवर इंदिरा बसते. आज परतलो तर बूथच्या दारावर पाटी टांगलेली. भाचीची जुनी शाळेची पाटी असती तरी चाललं असतं. ही चांगली दारभर काळी फळी. वर खडूनं मोठ्या अक्षरात: 'फाटक बंद. दहा वाजून पाच ते साडेदहा. दुपारी दोन ते अडीच.' स्टेशनमास्तरांचा फोन आला की उखर्डू तिला ओरडून सांगतो, ती लिहिते. लोक सायकलवरून उतरून वाचतात, मग निघतात किंवा चहा पितात.

मी म्हटलं, अगं, ही माहिती माझ्या वेबसाइटवर घातली असती. तिनं विचारलं, उखर्डूनं सांगितल्यापासून तुमच्या वेबसाइटवर यायला किती वेळ लागेल? हिशोब केला. पॅसेंजरनं जळगाव, सर असले तर, लाइन असली तर. उद्या दुपारपर्यंत नक्की.

ती हसली नाही. पण हसायचं राखून ठेवलेला चेहरा मला ओळखता येतो.

१० फेब्रुवारी, जळगाव

आंतरराष्ट्रीय पाठिंबा.

वेबसाइटच्या पाहुण्यांच्या वहीत अभिप्राय आला. अमेरिकेतल्या न्यू जर्सीहून एक पाटील. मूळचे दोंडाईच्याचे. लिहितात: साइट बघून डोळे भरून आले. फाटकाजवळ वनाची भजी अजून मिळतात का? कांद्याची की मिरचीची?

तासभर बसून उत्तर लिहिलं. वनाच्या भज्यांपासून सुरू करून बोगद्यावर आणलं. भेटींचा आकडा २१४. वॉर्डाची मतं ४३१. म्हणजे निम्मं काम झालं, दोन मतं कमी पडतात. लोटन सर म्हणाले, त्यातले एकशे ऐंशी वेळा तुम्हीच उघडली. म्हटलं, सर, मी मतदारच आहे.

१२ फेब्रुवारी, जळगाव

पाटलांचं उत्तर आलं. बोगद्याबद्दल काही नाही. विचारतात, चटणी लाल की हिरवी?

१५ फेब्रुवारी

इंदिरा दारोदार जातेय. मी बरोबर जातो म्हटलं तर म्हणाली, नको, तुम्ही आलात की घरातले पुरुष बाहेर येतात आणि बायका आत जातात. मग कुणाशी बोलू? विचार केला. मुद्दा तिचा बरोबर. पण सांगायची पद्धत बरोबर नाही.

आज तिनं पहिल्यांदा म्हटलं, "अहो, मला निवडून यायचंय." भाकरी थापताना म्हणाली, माझ्याकडे न बघता. म्हणाली, आधी वाटत होतं तुमच्यासाठी उभी राहतेय. आता नाही वाटत. परवा भिकुबाईच्या सुनेला दवाखान्यात न्यायचं होतं, तर त्या पाटी बघून वीस मिनिटं आधी निघाल्या. पाटीनं वीस मिनिटं वाचतात, बोगद्यानं बठ्ठी वाचतील.

मला गलबलून आलं. म्हटलं, तू काळजी करू नको, मी आहे ना. भाकरी करपत होती.

संकल्प: शेवटच्या आठवड्यात वेबसाइट रोज अपडेट करायची.

१८ फेब्रुवारी

गंभीर बाब. उद्या संध्याकाळी पाच वाजता प्रचार बंद. आचारसंहिता. जीप बंद होईल, भोंगा बंद होईल. पण वेबसाइट? ती रात्रंदिवस चालूच. उद्या आबांनी तक्रार केली तर इंदिराची उमेदवारी बाद.

तहसीलला गेलो. साहेबांना विचारलं, वेबसाइट कशी बंद करायची? साहेब म्हणाले, काय बंद करायचं? भोंगा? तो बंद करा. म्हटलं, भोंगा नाही, वेबसाइट. साहेबांनी शिपायाला विचारलं, हे कोणत्या गावचे?

लेखी काही दिलं नाही. म्हणजे जबाबदारी माझ्यावर आली.

२० फेब्रुवारी

लोटन सरांना सात वेळा फोन. सातव्यांदा उचलला. लाइन दोन दिवस बंद, उद्या सकाळी सुरू होईल. उद्या मतदान.

इंदिरा म्हणाली, उद्या कुठं जाऊ नका. कुणी बघत नाही ती वेबसाइट. मला हे लागलं. न्यू जर्सी बघते. म्हटलं, तुझ्यासाठीच जातोय. दुपारच्या पॅसेंजरनं साडेचारला उतरेन, मतदान पाचपर्यंत आहे, अर्धा तास हातात. ती म्हणाली, सकाळी मत टाकून जा. पण मतदान साडेसातला उघडतं आणि गाडी सहा पन्नासची.

तिनं दोनदा सांगितलं, "या हं वेळेवर." मी म्हटलं, मी कधी उशीर केलाय? ती बराच वेळ आठवत राहिली. मी झोपलो.

२१ फेब्रुवारी, मतदान. सकाळी सात, गाडीत

कडक कुरता घातलाय, पोटावर न अडणारा. डायरी खिशात.

दुपारी साडेबारा, जळगाव

लाइन आहे. पासवर्ड आठवत नाही. पितांबर टाकलं. नाही. पितांबरभाऊ. नाही. फाटक. नाही. आमदार टाकून पाहिलं, तेही नाही. लोटन सर जेवायला घरी गेलेत.

एक वाजता

सर आले. पासवर्ड indira होता. सर म्हणाले, उमेदवाराचं नाव घातलं होतं, तुम्हीच म्हणालात जन्मात विसरणार नाही असं. माझ्या मनात आलंच नाही, हे खरं. दिवसभराचा ताण.

वेबसाइट बंद केली. आचारसंहिता पाळली. महाराष्ट्रात अशी मी एकट्यानंच पाळली असेल.

४.३२, स्टेशन

गाडी वेळेवर. म्हटलं नव्हतं? शाळा चार मिनिटांवर. फाटक ओलांडलं की झालं.

४.३४

फाटक बंद. मालगाडीची वाट आहे.

४.४१

मालगाडी नाही. पलीकडे बूथ दिसतो. दारावरची फळीही दिसते. अक्षर मोठं आहे, इथून वाचता येतं: 'आज फाटक साडेचार ते सव्वापाच बंद. बाजाराच्या बाजूला असाल तर चारच्या आत या. मत टाका.'

माझ्या बाजूला फाटकात कुणीच नाही. वॉर्डातला एकही माणूस नाही. सगळे आधीच येऊन गेलेत.

४.४५

नाही म्हणायला वना आहे, भज्यांच्या गाडीवर. त्याचं मत वॉर्ड एकमध्ये. म्हणाला, "पितांबरभाऊ, जा ना वाकीसन." म्हटलं, वना, प्रतिज्ञा आहे. म्हणाला, "कोन दखस?" पलीकडे अभिमन आबा मोटारसायकल लावून उभे होते. माझ्याकडेच बघत होते. हसत नव्हते. वाट बघत होते.

४.५०

वाकायचं की नाही? तत्त्वाचा प्रश्न आहे. खरं लिहायचं तर कुरता कडक आहे आणि आबा बघतायत. वाकलो आणि अडकलो तर?

आबांनी हाक मारली, "काय रे भो, वाक ना. तुन्हीच बायको उभी शे." हा टोमणा होता की चांगुलपणा, कळलं नाही. टोमणाच धरला आणि ताठ उभा राहिलो.

४.५८

वाकतो.

४.५९

वाकणार होतो, मालगाडी आली. आता वाकून उपयोग नाही. डबे मोजतोय, दुसरं काय करणार?

५.१६

अठ्ठावन्न डबे. शाळेचं दार बंद. शिपाई म्हणाला, पाचला रांगेत असता तरी चाललं असतं. म्हटलं, मी रांगेतच होतो, फाटकाच्या.

५.४०, बूथ

इंदिरा अजून शाळेत आहे, पेट्या सील होईपर्यंत थांबणार. एका मतानं काय होतं? आजवर कधी काही झालंय का?

पण बोट कोरं दिसायला नको. उगाच तिच्या मनाला लागेल. बूथच्या शिक्क्याच्या पॅडवर बोट घासलं. जांभळं झालं. हुबेहूब.

२२ फेब्रुवारी, तहसील. सकाळी अकरा

बेबाबाई १८८. इंदिरा १८७. सहा मतं बाद.

साडेअकरा

फेरमोजणी मागितली. तीनदा मोठ्यानं मागितली.

बारा

१८८. १८७.

संध्याकाळ

आबांच्या जीपचा गुलाल आमच्या ओट्यापर्यंत आला. बेबाबाई स्वतः घरी आल्या, इंदिराचा हात धरून म्हणाल्या, मला बोगद्याचं काही कळत नाही, ठराव तू लिहून दे, मी सही करते. इंदिरा बरं म्हणाली. त्या गेल्यावर मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. दोनदा धुतलं. मी विचारलं, रडलीस का? म्हणाली, गुलाल गेला डोळ्यात.

बाहेर ओट्यावर एकच चर्चा. एक मत आलं असतं तर बरोबरी, बरोबरीत चिठ्ठी, मग काहीही झालं असतं. आपल्यातला राहिला कोण? मी सगळ्यात मोठ्यानं म्हणालो, शोधलाच पाहिजे. इंदिरानं दारातूनच सांगितलं की आपल्यातलं कुणी राहिलेलं नाही, यादीतच काहीतरी चूक असेल, आता घरी जा. लोक गेले.

मग ताट वाढलं. कळण्याची भाकर, वांग्याचं भरीत, पातळ वरण. बोट फिकं पडलं होतं म्हणून संध्याकाळी पॅडवर पुन्हा घासलं होतं. मी जेवायला बसलो. घास मोडून वरणात बुडवला, तर वरणाला जांभळी रेघ आली. मग आणखी आली. मी घास पटकन तोंडात टाकला.

इंदिरा ताटाकडे बघत होती. मग माझ्या बोटाकडे. मी म्हटलं, सरकारी शाई, आजकाल काही दर्जा राहिला नाही.

ती म्हणाली, "डाव्या हाताला लावतात."

मग वरण बदलून दिलं आणि भाकर वाढली.

२३ फेब्रुवारी

काही लिहिण्यासारखं नाही. न्यू जर्सीच्या पाटलांचा बूथवर फोन आला होता. साइट कुठं गेली, विचारत होते. इंदिरानं त्यांना चटणी हिरवी आहे असं सांगितलं.

२४ फेब्रुवारी, सकाळी सात

आजपासून फळी मी लिहायची असं ठरलं. म्हणजे इंदिरानं ठरवलं. तिला ठरावाचा मसुदा करायचाय. उखर्डूनं ओरडून वेळा सांगितल्या, मी लिहिल्या. एकच मुद्दा, दोन ओळी, रोज ताजी माहिती, अख्खा वॉर्ड उतरून वाचतो. लिहिता लिहिता लक्षात आलं की ही माझीच कल्पना. लोकांना फक्त उशिरा समजली.

दुपार

जेवून आलो तर फळीच्या खाली कुणीतरी बारीक अक्षरात लिहून गेलंय: 'आधी डावं बोट दाखाड.'

अक्षर कुणाचं ते कळत नाही. उखर्डू फाटकाकडे बघत बसला होता. आबा चहा पीत होते. वना भजी तळत होता, पण कढईत काही नव्हतं. इंदिरा आत ठराव लिहीत होती, तिनं मान वर केली नाही.

फडकं सापडलं नाही. डाव्या बोटानं पुसलं. आता त्याला खडू लागलाय.